कोपऱ्यातलं पान

पोत्यात सातशे बारा पिशव्या निघाल्या. अर्ध्या लिटरच्या पाचशे चाळीस, एक लिटरच्या एकशे बहात्तर. सगळ्या धुतलेल्या, वाळवलेल्या, गठ्ठे करून रबर लावलेल्या. वरचा उजवा कोपरा शाबूत असलेल्या नऊ. त्या नवांपैकी कोपऱ्यावर हिरवं पान छापलेल्या चार.

"म्हंजे?" शालनआक्कांनी विचारलं.

मी शेडच्या फरशीवर मांडी घालून बसले होते. चारी बाजूंना दुधाच्या रिकाम्या पिशव्यांचे ढीग होते आणि हातांना धुतल्यावरही न जाणारा तो किंचित आंबूस वास येत होता.

"म्हणजे उरलेल्या सातशे तीन पिशव्यांबद्दल मला काहीच सांगता येत नाही," मी म्हणाले. "पान ज्या कोपऱ्यावर छापलंय, तोच कोपरा कापून लोक दूध ओततात."

आक्का सावकाश प्रसन्नकडे वळल्या. प्रसन्न शेटे आमच्या तालुक्याच्या दूध संघात पॅकेजिंग बघायचा. कोल्हापूरला एम.एस्सी.ला तो माझ्याच वर्गात होता. नवी पिशवी त्याची होती. मक्याच्या स्टार्चपासून केलेली, मातीत कुजून जाणारी. संघाचं जुनं प्लास्टिक अजून संपलं नव्हतं, त्यामुळे जुनी आणि नवी अशा दोन्ही पिशव्या एकदमच गावोगाव जात होत्या. रंग तोच, छपाई तीच. नवी ओळखू यावी म्हणून तिच्यावर एक हिरवं पान.

"शेटेसाहेब," आक्का म्हणाल्या, "तुमच्या घरी पिशवी कुठनं कापत्यात?"

"आई कापते."

"कुठनं कापती, इचारलं मी."

प्रसन्नने माझ्याकडे पाहिलं. "उजव्या कोपऱ्यातनं."

मशीनपाशी उभे असलेले जहांगीरभाई खदखदून हसले आणि आक्कांचा चेहरा बघून लगेच खोकायला लागले.

"आन् पान बी तिथंच छापायचं सुचलं तुमास्नी?"

"बाकी जागाच नव्हती, आक्का. किंमत, तारीख, लायसन्स नंबर, फॅट किती, कस्टमर केअर... तेवढा एक कोपरा मोकळा होता. चेअरमनसाहेबांच्या टेबलावर पिशवी ठेवली, सगळ्या संचालकांनी हातात घेऊन बघितली."

"भरलेली?" मी विचारलं.

"भरलेलीच की."

रिकामी पिशवी कुणीच पाहिली नव्हती. रिकाम्या पिशव्या आमच्याकडे यायच्या.

आमचं युनिट म्हणजे पत्र्याची एक लांब शेड, तुकडे करायचं एक मशीन, वितळवून दाणा पाडायचं दुसरं मशीन आणि कोपऱ्यात एका टेबलाएवढी माझी लॅब. आजूबाजूच्या गावांतल्या बायका दुधाच्या पिशव्या गरम पाण्यातून काढून दोरीवर वाळत घालायच्या आणि महिन्याला आम्हाला द्यायच्या. आम्ही त्यांचा दाणा करायचो. त्या दाण्यातून एक कंपनी शेताला पाणी द्यायची काळी नळी करायची. वितळवून होणारा माल नेहमी मळका, वासाचा असतो. आमचा तसा नव्हता, कारण पिशव्या धुतलेल्या असायच्या. बाकी कुणाकडून वापरलेल्या पिशव्यांचा दाणा न घेणारे नळीवाले फक्त आक्कांकडून घ्यायचे.

हे धुण्याचं वळण आक्कांनी लावलं होतं. त्यासाठी त्या गावोगाव फिरल्या होत्या. पैसे दिले तर ते घरातले पुरुष घेऊन जातात, म्हणून त्या भांडं द्यायच्या. ठरावीक वजन भरलं की स्टीलचा एक डबा, आणि त्यावर मशीनने नाव घातलेलं. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव असतं, घरातल्या भांड्यांवर नवऱ्याचं. आक्कांच्या डब्यावर बाईचं असायचं. नावाआधी सौ. नाही, श्रीमती नाही. नुसतं 'हौसा बाबर', 'रुक्साना मुल्ला', 'कमळ खोत'. कित्येक घरांत फळीवर अशा डब्यांची उतरंड होती आणि ती पाहुण्यांना दिसेल अशी मांडलेली असायची.

त्या आधीच्या महिन्यात नळीवाल्यांकडून आमचा पूर्ण माल परत आला. नळ्या दाबाखाली फुटत होत्या. मी दाणा तपासला तेव्हा त्यात दुसरंच काहीतरी होतं. प्रसन्नची पिशवी आणि जुनी पिशवी एकत्र वितळत नाहीत. तेल आणि पाण्यासारख्या आत वेगळ्या राहतात, आणि नळी त्या सांध्यावर उकलते. नळीवाल्यांनी आक्कांना फोनवर सांगितलं, आणखी एक लॉट बघतो, तोही फुटला तर बाई, आपला व्यवहार थांबला.

म्हणून मी पिशव्या मोजत बसले होते.

"एवढं काय त्यात," आक्का म्हणाल्या. "हाताला कळतंय की मला. नवी जरा मऊ लागती. आण हिकडं."

"आक्का, परीक्षा घेऊ?"

"घे की! कुणाला भेतीय काय मी?"

मी पन्नास पिशव्या निवडल्या. प्रत्येकीचा एक छोटा तुकडा आधीच जाळून पाहिला होता, त्यामुळे कुठली कुठली ते मला माहीत होतं. जुनी जळताना मेणबत्तीसारखा वास येतो, नवी जळताना किंचित करपलेल्या भाकरीसारखा. आक्का खुर्चीवर बसल्या, डोळ्यांवर स्वतःचा पदर घेतला आणि एकेक पिशवी बोटांत चुरगाळत म्हणू लागल्या, "जुनी. जुनी. नवी. ही... नवी. जुनी."

जहांगीरभाई माझ्यामागे उभे राहून बघत होते. "आक्का, लग्नाच्या साड्या निवडतायसा का?"

"तू गप रे. मशीन बघ तुजं."

पन्नास झाल्यावर त्यांनी पदर काढला. "किती?"

"सव्वीस बरोबर."

"म्हंजे पास झाले न्हवं?"

जहांगीरभाई म्हणाले, "आक्का, डोळं झाकून नाणं उडवलं असतं तरी पंचवीस आलं असतं."

आक्कांनी हातातली पिशवी घडी घालून गठ्ठ्यात नीट ठेवली.

दुसऱ्या दिवशी प्रसन्न पुन्हा आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. आक्कांनी त्याला चहा दिला, पण बसायला सांगितलं नाही.

"तुम्हाला वाटतंय मी तुमच्या वाईटावर आहे," तो म्हणाला. "आमच्या घरची गाय होती. चारा खाईना, पोट फुगलेलं. डॉक्टरांनी कापली तेव्हा मी बॅटरी धरून उभा होतो. पोटातनं पिशव्या निघाल्या, आक्का. एकात एक अडकलेल्या, दोरखंडासारख्या. त्यातल्या निम्म्या दुधाच्या होत्या. तिच्याच दुधाच्या म्हणा. त्या दिवशी मी ठरवलं की..."

"माजी धुतल्याली पिशवी कुठल्या गायीच्या पोटात गेली, दाखव मला."

"तुमच्याकडे तालुक्यातल्या किती पिशव्या येतात?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"दहातल्या चार," मी म्हणाले.

"उरलेल्या सहांचं काय?" प्रसन्न म्हणाला. "त्यांच्यासाठी केली मी ही. माझी पिशवी धुवायला नको, गोळा करायला नको. खड्ड्यात टाका, शेण टाका, विसरून जा. सहा महिन्यांत शंभर ग्रॅममधले नव्वद ग्रॅम मातीत जातील. सर्टिफिकेट आहे माझ्याकडे."

"कागुद नको दावू. खड्डा हाय मागं. टाक."

"टाकतो."

"हेमा, मोजून दे गं त्याला शंभर."

शेडच्या मागे शेणखताचा खड्डा होता. मी काट्यावर बरोबर शंभर ग्रॅम नव्या पिशव्या घेतल्या आणि कांद्याच्या जाळीच्या पोत्यात भरल्या, म्हणजे नंतर सापडतील. प्रसन्नने बाही वर करून स्वतःच्या हाताने त्यावर शेण लोटलं. त्याचे हात बघून मला एकदम तो कॉलेजात असल्यासारखा वाटला. प्रॅक्टिकलला तो असाच दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही.

"कुजली ना हेमांगी," तो हात धूत म्हणाला, "तर आक्का पण म्हणतील, प्रसन्न, बरं केलंस."

"आणि तोपर्यंत?"

त्याने नळ बंद केला. "तोपर्यंत काहीतरी सुचव."

दुसरा कोपरा कापा असं सांगून भागणार नव्हतं; सकाळी घाईत पिशवी घरातलं कुणीही कापतं आणि हात सवयीने त्याच कोपऱ्याकडे जातो. मला सुचलं ते संध्याकाळी, बादलीत. जुनी पिशवी पाण्यापेक्षा हलकी, नवी जड. तुकडे करून पाण्यात टाकले तर जुने तरंगायला हवेत आणि नवे बुडायला. मी टाकले. सगळेच तरंगले. तुकड्यांना हवेचे बारीक बुडबुडे चिकटले होते. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकले आणि काठीने हलवलं. तुकडे एकेक करून मागे वळल्यासारखे झाले आणि खाली जाऊ लागले. सगळे नाही. जे जायला हवे होते तेच. बादलीच्या तळाशी बसलेले मी बाहेर काढून जाळून पाहिले. एकूण एक भाकरीच्या वासाचे.

आक्कांना मी फोनवर नीट सांगूही शकले नाही. त्या धावतच आल्या. जहांगीरभाईंनी बादलीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "या अल्ला, हे तर स्वतःहून रांगेत उभं राहिलं."

"आता ह्यासाठी टाकी बांधू," आक्का म्हणाल्या. "आन् शेटेला बोलवा. चहासंगट बसायला बी सांगते त्याला."

सिमेंटची जुनी पाण्याची टाकी होती, तीच वापरली. पहिल्याच दिवशी आम्ही शेरेवाडीचा आणि वरच्या तीन गावांचा माल त्यात टाकला. जहांगीरभाई टाकीच्या कठड्यावर उभे राहून लांब बांबूने ढवळत होते, प्रसन्नने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. साबणाचा फेस काठावरून खाली ओघळत होता. आक्का फेसात पाय ठेवून उभ्या होत्या आणि हसत होत्या. त्यांना तसं हसताना मी पुन्हा पाहिलं नाही.

वर तरंगणारा माल काढून मी नमुना घेतला. आधी शंभरात अडतीस तुकडे नवे होते. आता अकरा होते. अकरा खूप होते. दोनच्या खाली आल्याशिवाय नळी टिकणार नव्हती.

पुन्हा टाकला. आठ. पुन्हा टाकला. सहा.

त्यानंतर सहावरच राहिलं. बादलीत मूठभर तुकडे होते, त्यांना बुडायला जागा होती. टाकीत त्यांचा एक जाड थर व्हायचा, ओल्या पानांचा होतो तसा, आणि बुडू बघणारा तुकडा तरंगणाऱ्या तुकड्यांत अडकून राहायचा. माल कमी कमी टाकून बघितला. तेव्हा आकडा खाली यायचा, पण मग एका गावाचा माल निवडायला आठवडा लागला असता, आणि पिशव्या तर रोज येत होत्या. जहांगीरभाईंच्या तळहातांना बांबूने फोड आले. प्रसन्न संघातून सुटला की थेट आमच्याकडे यायचा, ढवळायचा, आणि अंधार पडायच्या आत निघून जायचा.

एकदा तो येऊन टाकीपाशी न जाता माझ्या टेबलासमोर बसला.

"मी मागितलं," तो म्हणाला. "पूर्ण पिशवीवर आडवा हिरवा पट्टा. इकडनं कापा, तिकडनं कापा, दिसणारच."

"मग?"

"छपाईचे रूळ नवे करावे लागतात. सध्याचा रोल वर्षभर पुरेल एवढा छापून ठेवलाय. चेअरमन म्हणाले, पुढच्या वेळी बघू." तो माझ्या पेनाचं टोपण काढत आणि घालत होता. "मी म्हटलं, मग तोवर जुनीच पिशवी चालू ठेवा. नवी थांबवा. माझ्याच तोंडानं म्हटलं, हेमांगी. तर ते म्हणाले, शेटे, संघाच्या दारावर बोर्ड लागलाय. प्लास्टिकमुक्त. आता बोर्ड काढू का?"

आक्का दारात उभ्या राहून ऐकत होत्या, हे आम्हाला त्या बोलल्या तेव्हा कळलं.

"किती आलंय म्हणलीस आकडा?"

"सहा, आक्का."

"आन् पायजे दोन. दोनच्या जागी सहा." त्यांनी शेडमधल्या पोत्यांवरून नजर फिरवली. "पाडा दाणा. पाठवू. नळीला कुठं मोजता येतंय?"

"आक्का, ती फुटेल."

"हेमा, न्हाई पाठवलं तर फुटायची बाकी ऱ्हाती का?"

जहांगीरभाईंनी मशीन सुरू केलं. दाणा काळाभोर, चकचकीत पडला. दिसायला अगदी पूर्वीसारखा.

नळीवाल्यांच्या कारखान्यात आक्का, जहांगीरभाई आणि मी असे तिघं गेलो. आक्कांनी त्या दिवशी इरकली नेसली होती. तिथल्या इंजिनिअरने आमच्या दाण्याची नळी पाडली, दोन्ही तोंडं बंद केली, आत पाणी भरलं आणि दाब वाढवायला लागला. चार किलोच्या दाबावर ती तासभर टिकायला हवी होती. काटा एकवर गेला. दीडवर. दोनवर. दोनवर त्याने थोडा वेळ थांबवला. नळी तशीच होती. आक्कांनी माझं मनगट धरलं. काटा पुढे सरकला, आणि अडीचच्या जरा पुढे गेल्यावर नळी उभी उकलली. आवाज फार मोठा झाला नाही. पाणी आमच्या पायांवर आलं.

"दुसरी लावून बघा," आक्का म्हणाल्या.

इंजिनिअर भला माणूस होता. त्याने दुसरी लावली. तिसरीही लावली.

परत येताना फाट्यावर उतरताना जहांगीरभाई म्हणाले, "आक्का, मी दुसरीकडं बगू का काम, का थांबू?" आणि आक्का म्हणाल्या, "बग." तेवढंच.

शेरेवाडीला बायकांची बैठक मंदिराशेजारच्या समाजमंदिरात झाली. आक्कांनी मला मुद्दाम सोबत नेलं होतं, का ते मला कळलं नाही. मला काही बोलायचं नव्हतं. चाळीसेक बायका होत्या. त्यातल्या काही जणी येताना पिशव्यांचे गठ्ठे घेऊन आल्या होत्या, कारण आक्का येणार म्हणजे माल न्यायला येणार.

आक्का उभ्या राहिल्या. त्या बोलायला लागल्या की एरवी पाच मिनिटं कुणाची तरी थट्टा चालायची. त्या दिवशी चालली नाही.

"आता पिशव्या धुऊ नगासा," त्या म्हणाल्या.

एकीने हातातला गठ्ठा खाली ठेवला.

"म्हंजे कसं, आक्का?" हौसा बाबर म्हणाली. "थंड पाण्यानं धुवायच्या का?"

"धुवायच्याच न्हाईत."

"मग वाळवायच्या कशा?"

कुणीतरी हसलं. आक्का हसल्या नाहीत.

"वाळवायच्या बी न्हाईत. ठेवायच्या बी न्हाईत. मी न्हेणार न्हाई आता. फेका."

"कुठं फेकायच्या?"

"पूर्वी फेकत हुतासा तिथंच."

समाजमंदिराच्या मागे ओढा होता. तिथून सगळ्या बायकांनी मिळून पिशव्या वेचून काढल्या होत्या, आक्का पहिल्यांदा त्या गावात आल्या तेव्हा. मी तेव्हा नव्हते, पण ती गोष्ट मला प्रत्येकीने कधी ना कधी सांगितली होती. आता कुणीच त्या दिशेला बघत नव्हतं.

"आमचं काय चुकलं का, आक्का?" कमळ खोतने विचारलं. ती सगळ्यांत म्हातारी होती. "वास येत हुता का? मी दोनदा उकळत्या पाण्यातनं काढते. सोडा घालू का?"

"तुमचं काय बी चुकलं न्हाई, काकी."

"मग?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी सांगायचा प्रयत्न केला. दोन पिशव्या, दोन वेगळे पदार्थ, कोपरा, पान, टाकी. मी बोलत असताना त्या सगळ्या मन लावून ऐकत होत्या आणि एकीच्याही चेहऱ्यावर मला काही उमटताना दिसलं नाही. मी थांबल्यावर कमळकाकी आक्कांनाच म्हणाल्या, "आगं पर चांगल्या धुतल्याती. बग तर खरं." आणि त्यांनी आपला गठ्ठा पुढे केला.

आक्कांनी तो घेतला. बाकीच्यांनीही आपापले दिले. परत येताना गाडीची मागची सीट त्या गठ्ठ्यांनी भरली होती.

पुढचे दोन-तीन महिने माझं काम म्हणजे शेड आवरणं. दोन्ही मशीनं विकली गेली. जहांगीरभाई साखर कारखान्यात लागले. गावांतून गठ्ठे येतच राहिले. कुणी एसटीच्या ड्रायव्हरजवळ द्यायचं, कुणी फाटकाला अडकवून जायचं. मी शेरेवाडीवरून जाताना बघायचे, पुष्कळ अंगणांत दोरीवर पिशव्या वाळत असायच्या, चिमटे लावून. नंतर नंतर त्या कमी झाल्या. एकदा ओढ्यावरच्या पुलावर मी स्कूटर थांबवली आणि खाली बघितलं. मग पुन्हा तिथे थांबले नाही.

शेडची किल्ली मालकाला परत द्यायच्या दिवशी प्रसन्न आला. त्याने संघ सोडला होता. फावडं सोबत आणलं होतं.

"सहा महिने झाले," तो म्हणाला.

खड्ड्याचं तापमान मी मधूनमधून घेत होते. प्रसन्नच्या सर्टिफिकेटवर अठ्ठावन्न अंश लिहिलं होतं. तेवढी धग मोठ्या कारखान्यांत, यंत्रांनी राखलेल्या ढिगाऱ्यांत असते. आमच्या खड्ड्यात ती चौतिसाच्या वर कधी गेली नव्हती. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि त्यानेही विचारलं नव्हतं.

आक्का खुर्ची घेऊन खड्ड्यापाशी बसल्या. प्रसन्नने शेण बाजूला केलं. ते छान काळं, भुसभुशीत झालं होतं, गांडुळं होती. खाली जाळीचं पोतं लागलं. त्याने ते वर ओढलं आणि गाठ सोडायला गेला, पण ती घट्ट बसली होती म्हणून मी सोडली.

पिशव्या मी स्वच्छ धुतल्या. आक्का म्हणाल्या, "गरम पाणी घे." वजन बदलायचं थांबेपर्यंत त्या लॅबच्या छोट्या भट्टीत वाळवल्या. सगळं सामान बांधून झालं होतं, फक्त ती भट्टी आणि काटा बाहेर ठेवला होता. आक्का आणि प्रसन्न टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी पिशव्या पारड्यात ठेवल्या, काचेचं दार लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबले.

शंभर ग्रॅमपैकी शहाण्णव पूर्णांक दोन.